वाचनाच्या याद्या: मॅस्टोडॉन आणि इतर ठिकाणी हवं ते हुकू नये म्हणून

मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या, अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या समाजमाध्यमावर तुम्ही दीडशे जणांना फॉलो करता आणि त्यातला प्रत्येक जण दिवसाला सरासरी चार पोस्ट टाकतो असं धरू. होममध्ये, म्हणजे फॉलो केलेल्या सगळ्यांचं लेखन जिथे एकत्र येतं त्या पानावर, रोज ६०० पोस्ट येणार. एका पोस्टला दहा सेकंद दिले तरी शंभर मिनिटं गेली. एवढा वेळ कोणाकडेच नसतो, म्हणून वरच्या पन्नास-साठ पोस्ट वाचून आपण ॲप बंद करतो. त्या पन्नास-साठ बहुतेक सतत लिहिणाऱ्यांच्याच असतात. पंधरवड्यातून एकदा, पण नीट अभ्यास करून लिहिणारी व्यक्ती त्यात सापडेलच असं नाही, आणि ज्यांच्यासाठी आपण तिथे गेलो ते बरेचदा असेच कमी लिहिणारे लोक असतात.

यामागे एक तांत्रिक कारणही आहे. मॅस्टोडॉनचा सर्व्हर तुमच्या होमसाठी शेवटच्या ८०० नोंदीच धरून ठेवतो. रोज ६०० येत असतील तर साधारण बत्तीस तासांपूर्वीची पोस्ट होममधून बाहेर पडलेली असते. लेखकाच्या प्रोफाइलवर ती असते, पण तिथे मुद्दाम जाऊन कोण बघतो? निवडक माणसांच्या पोस्ट वेगळ्या पानावर दाखवणारी ‘यादी’ करता येते, आणि अशा प्रत्येक यादीला मात्र स्वतःच्या वेगळ्या ८०० जागा मिळतात. पंधरा जणांच्या यादीत रोज ४५ पोस्ट येत असतील तर ती यादी सतरा दिवस मागपर्यंतचं दाखवू शकते. चार दिवस गावाला जाऊन आलात तरी त्या पंधरा जणांचं काहीच हुकलेलं नसतं. याद्या करण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

वाचायची यादी आणि दाखवायची यादी

यादी करायला बसलं की हात आपोआप ‘घरचे’, ‘कॉलेजचे’, ‘ऑफिसचे’ अशी नावं टाइप करतात. ही विभागणी नात्यांची झाली. आपलं लिहिलेलं कोणी पाहावं हे ठरवायला ती उपयोगी आहे. वाचायला तिचा उपयोग नाही, कारण कॉलेजच्या गटात एक जण रोज वीस मीम टाकतो आणि दुसरी वर्षातून सहा वेळा उत्तम प्रवासवर्णन लिहिते. दोघांना एका यादीत घातलं की पहिला दुसरीला बुडवतो.

जुन्या संकेतस्थळांवर हा गोंधळ रचनेतच होता. १९९९ साली सुरू झालेल्या लाइव्हजर्नलवर कोणाला ‘फ्रेंड’ केलं की एका फटक्यात दोन गोष्टी व्हायच्या: त्यांचं लेखन तुमच्या पानावर यायचं आणि तुमचं मित्रांपुरतं ठेवलेलं लेखन त्यांना दिसायचं. वाचायचं बंद करावं म्हणून कोणाला काढलं, तर त्या माणसाला तुमच्या खाजगी लेखनातूनही बाहेर काढल्यासारखं व्हायचं आणि रुसवेफुगवे सुरू व्हायचे. लाइव्हजर्नलच्याच कोडवरून २००९ मध्ये उभ्या राहिलेल्या ड्रीमविड्थने हे दोन भाग वेगळे केले. तिथे ‘सबस्क्राइब’ म्हणजे मी तुमचं वाचतो, आणि ‘ॲक्सेस’ म्हणजे माझं राखीव लेखन तुम्ही वाचू शकता. एक दिलं म्हणून दुसरं द्यावं लागत नाही.

आजच्या ॲपमध्येही दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात, म्हणून वापरण्याआधी तपासून घ्या. इन्स्टाग्रामचं ‘क्लोज फ्रेंड्स’ दाखवण्यासाठी आहे आणि ‘फेव्हरिट्स’ वाचण्यासाठी. फेसबुकच्या मित्रयाद्या आता दाखवण्याच्या कामाच्या उरल्या आहेत. मॅस्टोडॉन, एक्स (पूर्वीचं ट्विटर) आणि त्याच धर्तीचं ब्लूस्काय यांच्यावरच्या साध्या याद्या मात्र वाचनासाठीच आहेत. कोणाला यादीत घातल्याने त्यांना तुमचं जास्त-कमी काही दिसत नाही.

आधी मोजा

कोण किती जागा खातंय याचा आपला अंदाज बहुतेक वेळा चुकतो. ज्याचा राग येतो तो जास्त लिहितो असं वाटतं. म्हणून एका कागदावर मोजणी करा. होम उघडा, वरून खाली १०० पोस्ट सरकवत जा, आणि ज्याच्यामुळे ती पोस्ट आली त्याच्या नावापुढे एक रेघ ओढा. पोस्ट बूस्ट असेल, म्हणजे कोणी दुसऱ्याचं लेखन आपल्या फॉलोअरपुढे सरकवलं असेल, तर रेघ मूळ लेखकाच्या नावापुढे न ओढता बूस्ट करणाऱ्याच्या नावापुढे ओढा, कारण ती तुमच्यापर्यंत त्याने आणली. बूस्टच्या रेघेला टोकाशी टिंब द्या म्हणजे नंतर वेगळी ओळखता येते.

मोजणी दोनदा करा, एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि एकदा रविवारी. काही जण ऑफिसच्या वेळातच लिहितात, काही फक्त सुट्टीला, आणि एकाच दिवसाच्या मोजणीत निम्मं चित्र सुटतं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बहुतेकदा असं दिसतं की पाच-सहा नावांनीच अर्धी जागा व्यापली आहे, आणि त्यातल्या दोघा-तिघांच्या रेघांवर टिंबंच जास्त आहेत. यादी न करताही या लोकांचा बंदोबस्त होतो. तो पुढे बूस्टच्या भागात येईल.

किती याद्या, कशाच्या

मॅस्टोडॉनवर एका खात्याला ५० याद्या करता येतात. चारच्या वर जाऊ नका. दहा याद्या केल्या की त्यातल्या सात उघडल्या जात नाहीत, आणि न उघडलेल्या यादीतला माणूस होमच्या गर्दीत हरवलेल्या माणसाइतकाच हरवलेला असतो.

यादी विषयावर बेतण्यापेक्षा वाचायच्या वेळेवर बेता. ‘साहित्य’, ‘शेती’, ‘राजकारण’ असे कप्पे केले की पहिल्याच आठवड्यात अडचण येते: द्राक्षबागायतदार नाटकावर लिहितात आणि नाटकवाले पावसावर. माणूस कोणत्या कप्प्यात घालायचा यातच वेळ जातो. वेळेची विभागणी सोपी आहे.

पहिली यादी रोजची. १२ ते २० माणसं, त्याहून जास्त नाही. तिच्यात कोण असावं हे ठरवायला एकच प्रश्न पुरेसा आहे: यांची एखादी पोस्ट माझ्याकडून हुकली तर मला चुटपुट लागेल का? ‘चांगलं लिहितात’ एवढं कारण इथे पुरत नाही. रोजच्या यादीत दिवसाला ४०-५० पोस्ट आल्या तर ती दहा-पंधरा मिनिटांत शेवटपर्यंत वाचून होते. शेवटपर्यंत वाचून होणं महत्त्वाचं आहे, कारण खाली पोचल्यावर ॲप बंद करायला काहीच जड जात नाही.

दुसरी यादी कमी लिहिणाऱ्यांची. आठवड्याला एक-दोन पोस्ट टाकणारे सगळे इथे, मग ते पन्नास असले तरी चालतील. ती रविवारी उघडायची. या यादीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण सगळ्यात जास्त समाधान हीच देते. लांब लेखांचे दुवे, स्वतः काढलेली छायाचित्रं, महिनाभराच्या कामाची नोंद असं इथे निवांत बघता येतं.

तिसरी यादी भरपूर लिहिणाऱ्यांची: बातम्यांची खाती, सामन्याचं धावतं वर्णन करणारे, दिवसभर बोलके असणारे मित्र. यांना होममधून बाहेर काढून इथे ठेवायचं आणि मूड असेल तेव्हाच उघडायचं. चौथी हवी असेल तर कामाची ठेवा, म्हणजे तुमच्या व्यवसायातली माणसं, फक्त कामाच्या वेळी वाचण्यासाठी. बाकी सगळे होममध्ये राहू द्या. प्रत्येकाला यादीत घालायची गरज नसते.

मॅस्टोडॉनवर यादी बांधताना

हे काम संगणकावर, ब्राउझरमध्ये करा. मोबाइल ॲप यादी वाचायला छान आहे, पण चाळीस माणसं लावायला स्क्रीन अपुरी पडते.

बाजूच्या मेनूत ‘लिस्ट्स’ उघडून नवी यादी तयार करा. नावाच्या सुरुवातीला आकडा घाला: ‘१ सकाळ’, ‘२ रविवार’, ‘३ गर्दी’. याद्या नावाच्या क्रमाने लागतात, त्यामुळे आकडा दिला की तुम्हाला हवा तोच क्रम राहतो. माणसं घालायला दोन वाटा आहेत. यादीच्या पानावरून नाव शोधून घालता येतं, किंवा त्या व्यक्तीच्या प्रोफाइलवर तीन टिंबांच्या मेनूत याद्यांमध्ये घालण्या-काढण्याचा पर्याय असतो. एकच माणूस दोन याद्यांत असला तर बिघडत नाही.

ज्यांना तुम्ही फॉलो करता त्यांनाच यादीत घालता येतं. यातून एक गोष्ट निघते जी बऱ्याच जणांना उशिरा कळते: कोणाला अनफॉलो केलं की ती व्यक्ती तुमच्या सगळ्या याद्यांतून आपोआप निघते, आणि पुन्हा फॉलो केलं तरी परत येत नाही. ‘चार दिवस विश्रांती’ म्हणून अनफॉलो करण्याची सवय असेल तर ती सोडा. त्यासाठी मुदतीचं म्यूट आहे, म्हणजे अनफॉलो न करता त्यांच्या पोस्ट काही काळ लपवणं. प्रोफाइलवरून म्यूट करताना मुदत निवडता येते. मुदत संपली की सगळं पूर्ववत होतं, यादीतली जागाही तशीच असते.

कोणाला यादीत घातलं हे त्यांना कळत नाही. यादीचं नावही कोणाला दिसत नाही. आणि नवी यादी उघडल्यावर रिकामी किंवा अर्धवट दिसली तर काहीतरी बिघडलं असं समजू नका, एक-दोन दिवस भरू द्या.

उत्तरं, बूस्ट आणि होममधून लपवणं

यादी केली आणि आठवड्यात कंटाळा आला, असं ज्यांचं होतं त्यांनी बहुतेक वेळा या तीन सेटिंगना हातच लावलेला नसतो.

पहिली उत्तरांची. यादीतल्या माणसांनी इतरांना दिलेली उत्तरं दाखवायची का, हे प्रत्येक यादीसाठी वेगळं ठरतं. तीन पर्याय आहेत: कोणाचीच नको, यादीतल्यांनी एकमेकांना दिलेली दाखवा, मी फॉलो करतो अशा कोणालाही दिलेली दाखवा. काहीच न बदलता मधला पर्याय चालू असतो, आणि रोजच्या यादीसाठी तो योग्यच आहे, कारण आवडत्या माणसांचा आपसातला संवाद वाचायला मिळतो. कमी लिहिणाऱ्यांच्या यादीला ‘कोणाचीच नको’ लावा. पंधरा दिवसांनी एक लेख टाकणारा माणूस त्याच पंधरा दिवसांत तीस जणांना ‘धन्यवाद’ म्हणत असू शकतो. तिसरा पर्याय कामाच्या यादीला बरा पडतो, कारण व्यावसायिक चर्चेत खरा ऐवज पुष्कळदा उत्तरांमध्येच असतो.

दुसरी बूस्टची. ‘यादीत बाराच जण घातलेत, मग हे अनोळखी लोक कुठून आले?’ हा प्रश्न हमखास पडतो. ते बूस्टमधून येतात. यादीतल्या माणसाने बूस्ट केलेली पोस्टही यादीत उमटते. यावर यादीच्या पातळीवर उपाय शोधत बसू नका, तो व्यक्तीच्या पातळीवर आहे. त्या माणसाच्या प्रोफाइलवर तीन टिंबांच्या मेनूत त्याचे बूस्ट लपवण्याचा पर्याय असतो. तो लावला की त्याचं स्वतःचं लेखन येत राहतं, बूस्ट थांबतात, होममध्येही आणि यादीतही. मोजणीच्या कागदावर ज्यांच्या पुढे टिंबंच टिंबं होती त्यांना हेच लावायचं. दोघा-तिघांचे बूस्ट बंद केले तरी होम केवढं मोकळं होतं हे पाहून आश्चर्य वाटेल. पण सरसकट सगळ्यांचे बूस्ट बंद करू नका. मॅस्टोडॉनवर तुमच्या वतीने नवं लेखन शोधून आणणारी यंत्रणा नाही, नव्या माणसांची ओळख मुख्यतः बूस्टमधूनच होते. चांगली निवड करणारे चार-पाच जण असतात, त्यांचे बूस्ट जपून ठेवा.

तिसरी होममधून लपवण्याची. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीपासून यादीच्या सेटिंगमध्ये ही सोय आहे. ती चालू केली की त्या यादीतली माणसं होममध्ये दिसत नाहीत, फक्त यादीत दिसतात. ही सोय ‘३ गर्दी’साठी आहे, तिथे ती लगेच लावा. रोजच्या यादीला मात्र पहिले दोन आठवडे लावू नका. यादी उघडायची सवय लागण्याआधीच माणसं होममधून गेली तर जी आपल्याला सर्वांत हवी होती तीच दिसेनाशी होतात. सवय लागली की लावा, म्हणजे सकाळी वाचलेलंच दुपारी होममध्ये पुन्हा समोर येत नाही. एक लक्षात ठेवा: माणूस दोन याद्यांत असेल आणि त्यातल्या एकीलाच ही सोय लावली असेल, तरी तो होममधून जातोच.

एखादा हॅशटॅग फॉलो करत असाल तर त्याच्या पोस्ट होममध्ये येतात, यादीत येत नाहीत. यादीत हॅशटॅग घालता येत नाही. याचा फायदा असा की याद्या नीट लागल्या की होमचं काम बदलतं. ते हॅशटॅग आणि बाकीची माणसं चाळण्याची जागा होतं.

मोठी स्क्रीन असेल तर प्रेफरन्सेसमध्ये ‘ॲडव्हान्स्ड वेब इंटरफेस’ चालू करून बघा. प्रत्येक यादी स्वतंत्र स्तंभ म्हणून शेजारी शेजारी लावता येते.

एकाच माणसाची एकच भाषा

आपल्यापैकी बरेच जण मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहितात. कोणाचं मराठी लेखन हवं आहे, पण त्यांच्या इंग्रजीतल्या नोकरीसंबंधीच्या पोस्ट नको आहेत, असं असेल तर मॅस्टोडॉनवर त्यांच्या प्रोफाइलच्या मेनूत भाषा निवडायची सोय आहे. तिथे फक्त मराठीवर खूण करा.

ही सोय एका गोष्टीवर अवलंबून आहे: लिहिणाऱ्याने पोस्टला भाषेची खूण बरोबर लावली आहे का? लिहिण्याच्या चौकटीखाली भाषेचं बटण असतं. अनेक जण मराठीत लिहितात आणि खूण इंग्रजीचीच राहते. अशा माणसाला ‘फक्त मराठी’ लावलं तर त्याचं मराठी लेखनच गायब होतं. म्हणून आधी त्यांच्या दहा-बारा पोस्टवर भाषेची खूण काय आहे ते पाहा. आणि स्वतः लिहिताना ती बदलायला विसरू नका. आपल्या एका टिचकीने दुसऱ्या कोणाची तरी गाळणी नीट चालते.

शब्दांची गाळणी, मराठीच्या अंगाने

यादी माणसं निवडते. पण रोजच्या यादीतलीच आवडती माणसं आयपीएल किंवा निवडणूक आली की दोन महिने दुसरं काही लिहीत नाहीत. तिथे शब्दांची गाळणी, म्हणजे ‘फिल्टर’, लागतो. प्रेफरन्सेसमध्ये फिल्टर तयार करताना शब्द, जागा आणि मुदत द्यायची असते. जागांमध्ये होम आणि याद्या मिळून एक पर्याय आहे, त्यावर खूण हवी. मुदत अर्ध्या तासापासून आठवड्यापर्यंत देता येते, किंवा कायमची ठेवता येते. निकालाच्या दिवसासाठी एक दिवसाची मुदत पुरते.

बहुतेक मार्गदर्शिका इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या असतात, आणि ‘होल वर्ड’ म्हणजे पूर्ण शब्द जुळवण्याच्या चौकटीवर खूण करा असं सांगतात. मराठीत ही खूण बहुतेक वेळा काढावी लागते. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात: क्रिकेटचा, क्रिकेटमध्ये, क्रिकेटवरून. पूर्ण शब्द जुळवायचा म्हटलं तर ‘क्रिकेट’ एवढाच सुटा आलेला शब्द पकडला जाईल आणि बाकी सगळे निसटतील.

खूण काढल्यावरही काम संपत नाही, कारण विभक्ती लागताना शब्दाचं अंग बदलतं. ‘निवडणूक’ टाकलं तर ‘निवडणुकीत’ आणि ‘निवडणुका’ सुटतात, कारण तिथे णू ऱ्हस्व होतो. मग मागचा तुकडा छाटून ‘निवडण’ टाकावं, तर ‘निवडणे’ आणि ‘निवडणारा’ हेही अडकतात आणि आंबे निवडण्याची पोस्टही जाते. उपाय असा की एकाच फिल्टरमध्ये दोन तुकडे टाकायचे: ‘निवडणू’ आणि ‘निवडणु’. याच पद्धतीने ‘पाऊस’साठी ‘पाऊस’ आणि ‘पावसा’ असे दोन तुकडे लागतात. दुसरा ‘पावस’वर थांबवला तर रत्नागिरीजवळच्या पावसबद्दलच्या पोस्टही अडकतील. जोडून-तोडून लिहिले जाणारे शब्द दोन्ही तऱ्हांनी टाका: ‘शेअर बाजार’ आणि ‘शेअरबाजार’.

छोटे शब्द धोक्याचे. आयकरावरच्या चर्चेला कंटाळून कोणी ‘कर’ टाकलं तर करतो, नोकरी, लवकर, भाकरी आणि तमाम कुलकर्णी-तेंडुलकर त्याच्याबरोबर जातील. तिथे ‘आयकर’, ‘करदात’, ‘करसवलत’ असे लांब तुकडे वापरा.

‘ॲ’ हे अक्षर वेगळंच दुखणं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संचात, त्याला स्वतंत्र जागा आहे, पण कित्येक कळफलकांवर ते ‘अ’ला वरून चंद्र जोडून लिहिलं जातं, आणि कधी मधे एक न दिसणारं जोडचिन्हही असतं. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगवेगळे शब्द वाटतात. त्यामुळे ‘ॲ’ने सुरू होणारा शब्द गाळायचा असेल तर पहिलं अक्षर सोडून उरलेला तुकडा टाका. तो निदान तीन-चार अक्षरांचा असला पाहिजे, नाहीतर ‘कर’सारखीच गत होईल. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांसाठी तोच शब्द रोमन लिपीतही द्यावा लागतो.

नवा फिल्टर पहिले तीन-चार दिवस ‘इशारा देऊन झाका’ या पर्यायावर ठेवा. पोस्टच्या जागी फिल्टरचं नाव दिसतं आणि टिचकी मारून ती उघडता येते. काय काय अडकतंय ते कळलं, तुकडे दुरुस्त झाले, की मग पूर्ण लपवा.

इतर ठिकाणी

ब्लूस्कायवर यादी करायला फॉलो करावं लागत नाही, आणि यादी होमवर पिन करता येते. पण तिथल्या याद्या सार्वजनिक असतात. यादीचं नाव, वर्णन आणि सदस्य कोणीही पाहू शकतं. ‘बडबडे’ असं नाव देऊन ओळखीच्या माणसांना त्यात घालू नका. ‘सकाळचं वाचन’ हे नाव तिथेही चालतं. ब्लूस्कायवर मॉडरेशनची यादी हा वेगळा प्रकार आहे. तिच्यातल्या सगळ्यांना एकदम म्यूट किंवा ब्लॉक करण्यासाठी ती असते. तयार करताना दोन्हींत गल्लत होऊ देऊ नका, कारण म्यूट कोणाला कळत नाही, पण ब्लॉक उघड असतो.

एक्सवर याद्या २००९ पासून आहेत. फॉलो न करताही माणूस घालता येतो. यादी तयार करतानाच ती खाजगी करण्याचं बटण दाबा, कारण सार्वजनिक यादीत घातल्याची सूचना त्या व्यक्तीला जाते. नंतर खाजगी केली तरी गेलेली सूचना परत येत नाही. पाच याद्या पिन करता येतात, म्हणजे आपल्या चार आरामात बसतात.

ड्रीमविड्थवर फिल्टर सांभाळण्याच्या पानावर हवे तसे वाचन-फिल्टर करा. एखाद्या फिल्टरला ‘डिफॉल्ट व्ह्यू’ हे नाव रोमन लिपीत दिलं की वाचनाचं पान उघडताच तोच लागतो. ही सोय लाइव्हजर्नलपासून चालत आलेली आहे. रोजची यादी तीच करून टाका.

फेसबुकने मित्रयादीनुसार फीड वाचण्याची सोय २०१८ मध्ये आयफोनच्या ॲपमधून काढली. आता हाताशी आहे ते ‘फेव्हरिट्स’, ३० जणांपर्यंत, आणि २०२२ मध्ये आलेला ‘फीड्स’ हा टॅब, जिथे ताजं आधी या क्रमाने वाचता येतं. कोणापासून तात्पुरती विश्रांती हवी असेल तर ‘स्नूझ’ करा, तीस दिवसांनी ते आपोआप उठतं. इन्स्टाग्रामवर फेव्हरिट्सची मर्यादा ५० आहे, आणि घातलं-काढलं हे त्या व्यक्तीला कळवलं जात नाही.

व्हॉट्सॲपवरही आता चॅटच्या याद्या करता येतात. चॅटच्या वरच्या पट्टीतल्या अधिकच्या चिन्हावरून नवी यादी करा आणि तिच्यात माणसं किंवा गट घाला. तिची मर्यादा ओळखून असा: ती गट निवडते, गटातली माणसं निवडत नाही. तीनशे जणांच्या सोसायटीच्या गटात पाण्याच्या टँकरची वेळ सांगणारा एकच जण उपयोगाचा असेल, तर बाकीच्यांचे सुप्रभात गाळून फक्त त्याचे संदेश दाखवणारी यादी करता येत नाही. ॲडमिनला सांगून फक्त सूचनांचा वेगळा गट काढणं, जिथे ॲडमिनच लिहू शकतील, हाच तिथला खरा मार्ग.

तीन महिन्यांनी

रोजची यादी फुगते. वीसची तीस होते, मग शेवटपर्यंत वाचून होत नाही आणि हळूहळू ती होमसारखीच होऊन बसते. तिमाहीला एकदा ती उघडा आणि नियम ठेवा: एक आत आला की एक बाहेर. बाहेर म्हणजे दुसऱ्या यादीत किंवा होममध्ये, अनफॉलो नव्हे.

त्याच वेळी यादीतली नावं सलग वाचून पाहा. सगळे एकाच शहरातले, एकाच वयाचे, एकाच मताचे वाटले तर दोन जागा मुद्दाम वेगळ्यांसाठी मोकळ्या करा: ज्यांचं पटत नाही पण जे प्रामाणिकपणे मुद्दा मांडतात असे, किंवा ज्या जिल्ह्यातलं तुम्ही एरवी काहीच वाचत नाही तिथले. यादीला आपण होऊन असं वाचन सुचत नाही, ते हातानेच घालावं लागतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास साधं होमही चाळा, नाहीतर यादीत येण्याजोगी नवी माणसं भेटणार कुठे?

मॅस्टोडॉनच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘फॉलोज अँड फॉलोअर्स’ या पानावर बऱ्याच दिवसांत काही न लिहिलेली खाती वेगळी काढता येतात. त्यांना लगेच काढू नका. कमी लिहिणाऱ्यांच्या यादीत गप्प माणसाचं ओझं शून्य असतं, आणि वर्षभराने त्यांनी काही लिहिलं तर ते तुम्हाला नक्की दिसेल. काम संपलं की ‘इंपोर्ट अँड एक्सपोर्ट’मधून फॉलो आणि याद्या या दोन्हींच्या सीएसव्ही फाइल उतरवून ठेवा. उद्या सर्व्हर बदलायची वेळ आली तर आधी फॉलोची फाइल चढवा आणि मग याद्यांची, कारण ज्याला फॉलो केलेलं नाही त्याला यादीत जागा मिळत नाही.